लॅपटॉपची बॅटरी: तासांसाठी आणि वर्षांसाठी सॉफ्टवेअरची साधने

लॅपटॉपच्या बॅटरीचा विचार दोन मापांनी करावा लागतो. पहिले माप तासांचे. एकदा पूर्ण चार्ज केल्यावर यंत्र किती वेळ चालते, ज्याला दुकानदार आणि ग्राहक दोघेही बॅकअप म्हणतात, ते हे माप. दुसरे माप वर्षांचे. नवी असताना बॅटरीत जितकी वीज मावत होती त्यातली दोन-चार वर्षांनी किती मावते, हे त्यावरून कळते. सॉफ्टवेअर या दोन्हींवर परिणाम करते, पण वेगवेगळ्या वाटांनी. तास वाढवायचे तर यंत्राचा वीजवापर कमी करावा लागतो. वर्षे वाढवायची तर चार्जिंगला शिस्त लावावी लागते. बॅटरी वाचवण्याचे बहुतेक प्रयत्न फसतात ते या दोन कामांची गल्लत झाल्यामुळे. दिवसभर चार्जर लावून ठेवलेल्या लॅपटॉपवर पडद्याचा उजेड कमी करून बॅटरीचे आयुष्य वाढत नाही, आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवल्याने प्रवासात बॅकअप वाढत नाही, उलट कमीच होतो.

आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली. त्याआधीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण उतरवून मग चार्ज कराव्या लागत, आणि ती सवय अनेक घरांत अजून टिकून आहे. लिथियम-आयन बॅटरीला ती गरज नाही. पूर्ण उतरणे तिला मानवत नाही, तसे पूर्ण भरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस राहणेही मानवत नाही. बॅटरीतल्या भरलेल्या प्रत्येक कोशाचा विद्युतदाब साधारण ४.२ व्होल्ट असतो. या दाबावर आतल्या रासायनिक झिजेचा वेग वाढतो आणि त्यात उष्णतेची भर पडली की तो आणखी वाढतो. बॅटरी युनिव्हर्सिटी या प्रसिद्ध माहितीसंग्रहातील तक्त्यानुसार २५ अंश तापमानात वर्षभर ४० टक्के भरून ठेवलेल्या बॅटरीची क्षमता सुमारे ९६ टक्के उरते, तर पूर्ण भरून ठेवलेलीची सुमारे ८० टक्के. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५ वर येतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बंद खोलीत चार्जर लावून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी याच शेवटच्या अवस्थेच्या आसपास असते.

कोणतेही साधन वापरण्याआधी मोजमाप करावे. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’ लिहावे, एक जागा सोडून तिरकी रेघ द्यावी, तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा शब्द लिहावा आणि एंटर दाबावे. वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये एक अहवाल तयार होतो आणि तो ब्राउझरमध्ये उघडता येतो. त्यातले दोन आकडे महत्त्वाचे आहेत: डिझाइन कपॅसिटी, म्हणजे कारखान्यात ठरलेली क्षमता, आणि फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आज प्रत्यक्षात मावणारी वीज. पहिला आकडा ५०,००० मिलिवॉट-तास आणि दुसरा ४१,००० असेल, तर बॅटरीचे आरोग्य ८२ टक्के आहे. अहवालात पुढे आठवड्यांगणिक क्षमता कशी घटत गेली तेही दिसते. ही घट संथ असेल तर काळजीचे कारण नाही. एखाद्या महिन्यात ती अचानक वाढलेली दिसली, तर त्या काळात यंत्र कुठे आणि कसे वापरले गेले हे आठवून पाहावे. मॅकमध्ये हीच माहिती सिस्टिम सेटिंग्जमधील बॅटरी विभागात मिळते, आणि आतापर्यंतच्या चार्जिंग चक्रांची संख्या सिस्टिम रिपोर्टमधील पॉवर या शीर्षकाखाली असते. अलीकडच्या मॅकबुकच्या बॅटरीसाठी ॲपलने १,००० चक्रांची मर्यादा सांगितली आहे. लिनक्सवर ‘अपॉवर’ हे छोटे साधन तेच काम करते.

क्षमतेनंतर खर्च मोजावा. विंडोजवर ‘एचडब्ल्यूइन्फो’ हे मोफत साधन चार्जर काढल्यावर बॅटरीतून किती वॉट वीज जात आहे ते त्या क्षणी दाखवते. लिनक्सवर ‘पॉवरटॉप’ तेच दाखवतो. गणित सरळ आहे. बॅटरी ५० वॉट-तासांची असेल आणि यंत्र १० वॉट खात असेल, तर बॅकअप पाच तास. तोच खर्च सात वॉटवर आणला, तर सात तासांहून थोडा अधिक. तीन वॉट ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण हलक्या कामात ते एकूण खर्चाच्या जवळजवळ तृतीयांश असतात. म्हणून कोणताही उपाय करण्याआधी आणि नंतर वॉटचा आकडा पाहावा. आकडा हलला नाही तर तो उपाय सोडून द्यावा. ही एक सवय लागली की बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मिळणारी निम्मी सॉफ्टवेअर आपोआप बाद होतात.

वीज खाण्यात सहसा पडद्याचा वाटा मोठा असतो. उजेड उतरवणे हा सर्वांत जुना उपाय अजूनही सर्वांत खात्रीचा आहे. त्याच्या जोडीला आता पडद्याचा रिफ्रेश रेट आला आहे. सेकंदाला १२० किंवा १६५ वेळा चित्र बदलणारे पडदे स्वस्त लॅपटॉपमध्येही मिळू लागले आहेत, आणि लिहिण्या-वाचण्याच्या कामाला ६० पुरेसे असतात. विंडोज ११ मध्ये, ज्या यंत्रांचा पडदा साथ देतो तिथे, डायनॅमिक हा पर्याय गरजेप्रमाणे वेग आपोआप कमी-जास्त करतो. गडद पार्श्वभूमीने वीज वाचते हा समज मात्र अर्धाच खरा आहे. ओएलईडी पडद्यात काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, त्यामुळे तिथे बचत होते. साध्या एलसीडी पडद्याचा मागचा दिवा चित्र काळे असले तरी जळतच राहतो, तिथे काही वाचत नाही.

विंडोज ११ मधला पॉवर मोड आणि एनर्जी सेव्हर हे दोन पर्याय बॅटरीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने लावून ठेवावेत. ते सेटिंग्जमधील सिस्टिम आणि मग पॉवर अँड बॅटरी या पानावर असतात. एनर्जी सेव्हर पडद्याचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी उतरवतो, मागे चालणाऱ्या ॲपना आवर घालतो आणि काही अपडेट पुढे ढकलतो. बॅटरी किती टक्क्यांवर आली की तो सुरू व्हावा, हे ठरवता येते. वीस टक्क्यांची वाट पाहण्यापेक्षा चार्जर काढताच तो सुरू राहू देणे अधिक फायद्याचे, कारण वाचवायची वीज सुरुवातीला जास्त असते. त्याच पानावर कोणत्या ॲपने गेल्या दिवसात किंवा आठवड्यात किती टक्के बॅटरी खाल्ली याची यादी मिळते. टास्क मॅनेजरमध्ये एखाद्या प्रक्रियेवर उजवे बटण दाबून एफिशियन्सी मोड निवडला, तर ती प्रक्रिया कमी प्राधान्याने आणि कमी विजेत चालते. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधील एनर्जी हे पान हेच दाखवते, आणि २०२१ च्या मॉन्टेरी आवृत्तीपासून लो पॉवर मोड उपलब्ध आहे.

ज्या यंत्रांत प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सशिवाय वेगळे ग्राफिक्स कार्ड असते, त्यांना आणखी एक तपासणी लागते. एनव्हिडियाने २०१० मध्ये आणलेल्या ऑप्टिमस तंत्रामुळे असे कार्ड गरज नसताना झोपू शकते, पण एखादे ॲप त्याला नकळत जागे ठेवते आणि काही वॉट सतत जात राहतात. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपसाठी पॉवर सेव्हिंग हा पर्याय निवडून ते थांबवता येते. गेमिंग लॅपटॉपचा बॅकअप तासभराचाच असल्याच्या तक्रारी येतात, त्यातल्या बऱ्याचशा इथेच मिटतात.

बहुतेकांचा लॅपटॉप दिवसातला बराच वेळ ब्राउझरच चालवत असतो, म्हणून ब्राउझरकडे सर्वांत बारकाईने पाहावे. एजमध्ये न वापरलेल्या टॅब झोपवण्याची सोय २०२१ पासून आहे आणि किती वेळाने टॅब झोपावी हे ठरवता येते. क्रोममध्ये एनर्जी सेव्हर बॅटरी २० टक्क्यांवर आल्यावर किंवा चार्जर काढताच सुरू करता येतो, आणि मेमरी सेव्हर निष्क्रिय टॅब बाजूला ठेवतो. जाहिराती अडवणारे विस्तारक लावले तर पानामागे पळणारा बराच कोड चालतच नाही. जाहिरातींनी भरलेल्या बातम्यांच्या संकेतस्थळांवर हा फरक वॉटच्या आकड्यात दिसतो.

व्हिडिओचे गणित फारसे कोणाला ठाऊक नसते. व्हिडिओ उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्ये खास तुकडा असतो आणि तो अत्यल्प विजेत काम करतो. मात्र प्रत्येक तुकड्याला सगळ्या पद्धतींनी बांधलेला व्हिडिओ समजत नाही. यूट्यूब अनेक व्हिडिओ एव्ही१ या नव्या पद्धतीने पाठवते. इंटेलच्या प्रोसेसरांत ती ओळखणारी यंत्रणा २०२० च्या अकराव्या पिढीपासून आली, ॲपलमध्ये २०२३ च्या एम३ पासून. त्याआधीच्या यंत्रात तोच व्हिडिओ मुख्य प्रोसेसरला उलगडावा लागतो. मग पंखा फिरू लागतो आणि बॅटरी भराभर उतरते. अशा जुन्या यंत्रांसाठी ब्राउझरची अशी विस्तारके मिळतात जी यूट्यूबकडून एच-२६४ या जुन्या पद्धतीतली प्रत मागवतात, जी जवळपास प्रत्येक यंत्राला सहज उलगडते. जुन्या लॅपटॉपवर रोज तासन्‌तास व्याख्याने पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या एका बदलाने इतर कोणत्याही उपायापेक्षा अधिक बॅकअप मिळू शकतो.

लिनक्सच्या जगात या सगळ्या विषयाची समज ज्याने पालटली ते साधन म्हणजे इंटेलने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला पॉवरटॉप. आधुनिक प्रोसेसर काम नसताना टप्प्याटप्प्याने खोल झोपेत जातो, आणि जितकी झोप खोल तितकी वीज कमी. पॉवरटॉपने पहिल्यांदा हे उघड केले की प्रोसेसर झोपूच शकत नव्हता, कारण कितीतरी साधी ॲप त्याला विनाकारण सेकंदाला अनेक वेळा उठवत होती. कोणते ॲप किती वेळा उठवते, याची यादीच समोर आल्यावर प्रोग्रामरांनी आपापला कोड दुरुस्त केला. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीत अशी छोटी कामे एकत्र गोळा करून एकाच वेळी उरकण्याची सोय केली, तिच्यामागेही हेच तत्त्व होते. पॉवरटॉप आजही निदानासाठी उत्तम आहे. त्याची ‘ऑटो-ट्यून’ आज्ञा सगळी बचत एकदम लावते, पण त्यामुळे यूएसबी माउस काही सेकंदांनी झोपू शकतो, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर बदल पुसले जातात.

कायमस्वरूपी व्यवस्थेसाठी लिनक्सवर ‘टीएलपी’ वापरावे. बसवले की ते चार्जरवर एक आणि बॅटरीवर दुसरे धोरण आपोआप लावते. मूळ सेटिंग इतक्या विचाराने ठरवलेली आहेत की बहुतेकांना काही बदलावे लागत नाही. वायफाय, डिस्क, यूएसबी, प्रोसेसर अशा प्रत्येक घटकाची सेटिंग एकाच फाइलमध्ये लिहिलेली असते. उबुंटू आणि फेडोरासारख्या वितरणांत मुळात दुसरे ऊर्जा-व्यवस्थापक साधन बसवलेले असते. टीएलपीबरोबर ते चालू ठेवले तर दोघे एकमेकांच्या सेटिंग पुसतात, म्हणून कोणते तरी एकच निवडावे. ‘ऑटो-सीपीयूफ्रिक’ हाही पर्याय आहे. त्याचा भर प्रोसेसरच्या वेगावर असतो.

झाकण मिटवून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप दोन तासांनी गरम आणि अर्धा उतरलेला मिळावा, ही तक्रार गेल्या काही वर्षांत वाढली आहे. जुने लॅपटॉप झोपले की फक्त मेमरीला वीज देत. विंडोजच्या मॉडर्न स्टँडबाय पद्धतीत यंत्र फोनसारखे अर्धवट जागे राहते आणि एखादे ॲप किंवा ड्रायव्हर त्याला पूर्ण जागे करू शकतो. याचा छडा लावायला पॉवरसीएफजीच्याच तीन आज्ञा आहेत. तिरकी रेघ आणि इंग्रजी ‘ए’ दिल्यावर यंत्रात झोपेच्या कोणत्या पद्धती आहेत ते कळते. ‘स्लीपस्टडी’ने गेल्या तीन दिवसांतल्या प्रत्येक झोपेचा अहवाल मिळतो, वीज कुठे गेली यासकट. आणि ‘रिक्वेस्ट्स’ने या क्षणी यंत्राला झोपू न देणारा दोषी दिसतो. शेवटच्या दोन आज्ञा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवाव्या लागतात. दोषी सापडला नाही तरी उपाय आहे: झाकण मिटल्यावर यंत्र स्लीपऐवजी हायबरनेटमध्ये जावे असे ठरवावे. हायबरनेटमध्ये सगळे काम डिस्कवर लिहून यंत्र बंद होते. पुन्हा उठायला थोडा अधिक वेळ लागतो, पण वीज जवळपास लागतच नाही. रोज बॅगेतून लॅपटॉप नेणाऱ्यांनी हा बदल निःशंकपणे करावा.

आता वर्षांच्या मापाकडे. टेबलावर कायम चार्जर लावलेल्या लॅपटॉपसाठी सर्वांत मोलाची सोय एकच, चार्जिंगची वरची मर्यादा. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवली की आतला दाब उतरतो आणि झीज मंदावते. पण चार्जिंग थांबवणे विंडोजच्या हातात नसते. ते लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावरच्या वेगळ्या नियंत्रकाकडे असते आणि त्याच्याशी बोलायचे तर उत्पादकाने दिलेला मार्ग लागतो. बाहेरून घेतलेली बरीच ‘बॅटरी लिमिटर’ ॲप म्हणूनच ८० टक्क्यांवर फक्त घंटा वाजवतात, चार्जर मात्र हाताने काढावा लागतो. खरी मर्यादा हवी असेल तर उत्पादकाचेच ॲप वापरावे. लेनोवोमध्ये ते व्हँटेज, त्यात कॉन्झर्व्हेशन मोड किंवा चार्जिंगचा उंबरठा हे पर्याय. असुसमध्ये मायअसुस, ज्यात ८० टक्क्यांची मर्यादा मिळते. एसरच्या अनेक मॉडेलांतही ८० टक्क्यांची सोय आहे. एचपी आणि डेलच्या अनेक यंत्रांत हा पर्याय थेट बायोसमध्येच असतो, म्हणजे विंडोज पुन्हा टाकले तरी तो टिकतो. अशा सुविधा उत्पादक अनेकदा सुरुवातीला बंदच ठेवतात, त्यामुळे नवा लॅपटॉप घेतल्या दिवशीच हा पर्याय शोधून लावावा.

मॅकवर २०२० पासून ऑप्टिमाइझ्ड बॅटरी चार्जिंग आहे. ते वापरकर्त्याची दिनचर्या ओळखून ८० टक्क्यांच्या पुढचे चार्जिंग लांबवते. दिनचर्या ठरलेली नसेल तर त्याचा अंदाज चुकतो. तेव्हा ‘अल्डेंटे’ हे ॲप पक्की मर्यादा घालू देते. लिनक्सवर केडीई या डेस्कटॉपने २०२० मध्ये आणि ग्नोम या डेस्कटॉपने २०२५ मध्ये ही मर्यादा सेटिंगमध्येच आणली, आणि लेनोवोच्या थिंकपॅडसारख्या यंत्रांवर टीएलपीच्या फाइलमध्ये सुरुवात ७५ आणि शेवट ८० असे दोन आकडे लिहिले की काम होते. सुरुवातीचा आकडा थोडा खाली ठेवल्याने एक-दोन टक्के उतरले की लगेच चार्जिंग सुरू होण्याचा खेळ थांबतो. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढून बॅटरी पूर्ण भरावी, परतल्यावर पुन्हा लावावी. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते त्यांनी मर्यादा ८० ऐवजी ९० वर ठेवली तरी फायदा उरतोच. भारनियमनाच्या गावात तासाभराच्या बॅकअपची किंमत थोड्याशा झिजेपेक्षा मोठी आहे.

तासांच्या मापाकडे परत आलो, तर प्रोसेसरची ताकद मुद्दाम बांधून ठेवणे हा पुढचा टप्पा. प्रोसेसरचा वेग वाढवताना त्याचा दाबही वाढवावा लागतो, आणि वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शेवटच्या थोड्या वेगासाठी खूप वीज जाते. विंडोजच्या प्रगत पॉवर सेटिंगमध्ये बॅटरीवर असताना प्रोसेसरची कमाल अवस्था ९९ टक्के केली, तर अनेक इंटेल प्रोसेसरांचा टर्बो वेग बंद होतो. पत्रे लिहिणे, हिशेब करणे, मेल पाहणे यांत फरक जाणवत नाही. अनेक नव्या यंत्रांत हा पर्याय दिसत नाही, तिथे पॉवर मोडवर समाधान मानावे. ‘थ्रॉटलस्टॉप’सारखी साधने प्रोसेसरचा दाबच कमी करू देतात, परंतु डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतील फट उघड झाल्यावर इंटेलने ती वाट अनेक यंत्रांत बंद केली. उरलेल्या यंत्रांतही चुकीचा आकडा यंत्र गोठवू शकतो. ज्याला आपण काय बदलतो आहोत हे नीट कळते त्यानेच त्यात हात घालावा.

एका क्लिकमध्ये बॅकअप दुप्पट करणारी ‘बूस्टर’ किंवा ‘बॅटरी डॉक्टर’ ॲप मात्र घेऊच नयेत. जी गोष्ट चांगली ॲप करतात ती विंडोज, मॅक आणि लिनक्स यांच्यात मुळातच आहे. उरलेली ॲप मागे चालणाऱ्या प्रक्रिया मारत राहतात, त्या पुन्हा सुरू होतात, आणि हा उठाबशीचा खर्च बॅटरीवरच पडतो. शिवाय अशी ॲप स्वतः सतत जागी असतात.

कधी बॅटरी ३० टक्के दाखवत असताना यंत्र अचानक बंद पडते. तेव्हा बॅटरीतला मोजणारा भाग चुकलेला असू शकतो. त्यासाठी एकदा पूर्ण चार्ज, मग पूर्ण उतरवणे, मग पुन्हा सलग पूर्ण चार्ज असे कॅलिब्रेशन करावे. काही लेनोवो यंत्रांत व्हँटेजमध्ये आणि टीएलपीमध्ये थिंकपॅडसाठी त्याची तयार सोय आहे. हे फक्त आकडा चुकत असेल तरच करावे, दर महिन्याचा विधी म्हणून नव्हे, कारण प्रत्येक पूर्ण उतरवण्याने बॅटरीवर ताण येतो.

अहवालातले आरोग्य ६० टक्क्यांच्या खाली गेले आणि बॅकअप कामाला पुरेनासा झाला, तर बॅटरी बदलणे हाच उपाय. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगला, तर आरोग्याचा आकडा कितीही चांगला असो, चार्जर लगेच काढावा, यंत्र बंद करावे आणि सेवा केंद्रात न्यावे. फुगलेली बॅटरी टोचली गेली तर पेट घेऊ शकते. नवी बॅटरी उत्पादकाची किंवा त्याने मान्य केलेली असावी. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.